गुंडाळलेलं शीड

दुपारचे चार वाजले असतील. खोलीतला उजेड उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखा झाला आणि मी लिहिता लिहिता थांबले. समोरच्या इमारतीवरच्या घारी फार उंच गेल्या होत्या. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, कपड़े उतारो, कपड़े!" आतल्या खोलीतून आईची हाक आली, "खिडक्या लाव गं, आंधी येतेय."

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या घरात सगळे व्यवहार मराठीतून चालतात, पण या वादळाला आई आंधीच म्हणते. साताऱ्याहून इथे आली तेव्हा तिच्याकडे यासाठी शब्द नव्हता, म्हणते. वळीव तिला माहीत होता. पण पाण्याआधी नुसती माती चालून येते, आणि कधीकधी मातीनंतर पाणी येतच नाही, हे तिने इथेच पाहिलं.

मे सरत आला की आंधी येते. आधी दोन-तीन दिवस हवा अशी थांबते, की कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नाही. मग पश्चिमेकडे एक तपकिरी भिंत उभी राहते आणि चालू लागते. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. नंतर दाताखाली वाळू, पुस्तकांवर धूळ, वीज गेलेली, आणि तरीही शहर खूश, कारण उकाडा मोडलेला असतो. गच्च्यांवर माणसं येतात, मुलं नाचतात. मी आतच बसते. एखादी तार कुठे वाजते आहे का, ते ऐकत बसते.

तो उन्हाळा आठवायला मला फार काही लागत नाही. मी वीस वर्षांची होते आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

बाबा एका सरकारी खात्यात कारकून होते आणि कर्मचारी संघटनेचे चिटणीस. शाळेत जाण्याआधी मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून. घरात डब्यांखाली पत्रकं, कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरंही पत्रकांचीच. पहाडगंजच्या मराठी शाळेत बाई म्हणायच्या, "अगं, निबंधात गाईबद्दल लिही, गाईच्या मागण्या लिहू नकोस." बाबा गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्यानंतर मी कॉलेजातल्या एका गटात गेले, दोन वर्षं त्यांची पत्रकं लिहिली, आणि मग एक पत्रक त्यांच्यावरच लिहिलं. सभेत क्रांतीची भाषणं मुलगे करतात आणि चहा मात्र प्रत्येक वेळी मुलीच का करतात, एवढाच त्याचा विषय होता. पुरावे तारीखवार दिले होते. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबला. चहा करणाऱ्या मुलींनीही तोंड फिरवलं, हे मला जास्त लागलं.

आई सकाळी साडेआठला मेट्रोने कचेरीत जायची आणि संध्याकाळी सातला यायची. मधले साडेदहा तास मी आणि पंखा.

अशात बाबांच्या कागदांत तांडेलकाकांच्या पेन्शनची फाईल सापडली. तांडेलकाका देवगडकडचे, आरमारातून निवृत्त झालेले, आणि आता ओखल्याला यमुनेकाठी शिडाच्या होड्यांचा एक लहानसा क्लब होता, तिथे होड्या सांभाळायचे. दिल्लीत शिडाच्या होड्या असतात हे सांगितलं की लोक हसतात. पण बंधाऱ्यामुळे तिथे नदी तुंबून रुंद होते, पाणी काळं असतं, वास येतो, जलपर्णीचे पुंजके वाहत असतात, आणि त्यातून दहा-बारा पांढरी शिडं तिरकी होऊन जातात. दुरून पाहिलं तर नदी स्वच्छ वाटते. बाबा त्यांना अर्ज लिहून द्यायचे. मी फाईल द्यायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले.

"जेवलंस काय गो?" हे त्यांचं पहिलं वाक्य. पत्नी वारलेली, मुलगा गुडगावात, सून अबोल. पस्तीस वर्षं बंदरोबंदरी आणि मग दिल्लीत काढूनही माणूस मराठीत बोलायला लागला की मालवणीच बोलायचा. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी बाय.

त्यानंतर मी रोज जायला लागले.

काम साधं होतं. संध्याकाळी सभासद होड्या धक्क्याला लावून निघून जायचे आणि काका एकेक होडी रात्रीसाठी बांधायचे. बहुतेक होड्यांची शिडं उतरवून घडी करून ठेवायची. पण एक होडी मोठी होती, पिवळ्या पट्ट्याची, आणि तिचं पुढचं शीड उतरत नसे. डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी एक तार असते, माथ्यापासून होडीच्या नाकापर्यंत. त्या तारेभोवतीच ते शीड चटईसारखं गुंडाळलं जायचं. खाली एक फिरकी, तिला एक दोरी. दोरी ओढली की फिरकी फिरे आणि शीड स्वतःला गुंडाळून घेई.

"ह्यां गुंडाळलेला शीड लय लबाड," काका म्हणायचे. "दिसता कसा? झोपलेला. पण वरच्या टोकाक वाऱ्याक नुसता बोट घालूक मिळांदे, मग बघ."

वारा वरून शिरतो, हे मला त्यांनी शिकवलं. खालचे वेढे घट्ट असतात, वरचे सैल. वरच्या सुरकुतीत वारा शिरला की पिशवी होते, पिशवी फडफडायला लागली की सगळं शीड सुटतं, आणि सुटलेलं शीड तारेला असं झटके देतं की तार डोलकाठीला हलवते. शीड फाटलं तर शिवता येतं. तार तुटली तर काठी जाते, आणि काठी एकटी पडत नाही.

म्हणून त्यांच्या रीती होत्या. शीड गुंडाळताना कधी ढिलं सोडायचं नाही, दुसऱ्या हाताने ताण ठेवायचा. शीड संपलं तरी फिरकी थांबवायची नाही, शिडाच्याच दोऱ्यांचे तीन वेढे त्याच्या अंगाभोवती बसले पाहिजेत. फिरकीची दोरी दातेरी चिमट्यात अडकवून मोकळं व्हायचं नाही, पुढे खुंट्याला गाठ मारायचीच. आणि शेवटी, उभं राहून हात पोचेल तिथपासून खाली, कापडाची पट्टी तिरकी उलटसुलट गुंडाळत आणायची. आंधी दिसत असेल तर हे सगळं पुन्हा एकदा.

पट्ट्या नायलॉनच्या नकोत, घसरतात. सुती हव्यात. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी घरी जाऊन माळ्यावरचे संघटनेचे जुने लाल कापडी फलक काढले. आई म्हणाली, "घेऊन जा. निदान झुरळं तरी जातील." काकांनी कात्रीने त्यांच्या लांब पट्ट्या केल्या. बाबांनी रंगवलेली पांढरी अक्षरं तुकड्यातुकड्यांनी होड्यांवर गेली. एका शिडावर नुसतं ‘एकजु’, दुसऱ्यावर ‘झालाच पा’. संध्याकाळच्या उन्हात ती लाल कापडं पाहताना मला बरं वाटायचं. वाटायचं, बाबा अजून कुठल्यातरी कामावर हजर आहेत.

धक्क्यावर एक पाटी होती, इंग्रजीत, रंग उडालेली. मी ती जूनच्या पहिल्या आठवड्यात वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, की होडी वापरून झाल्यावर शिडं बांधून सुरक्षित ठेवणं ही त्या त्या सभासदाची जबाबदारी आहे.

"काका, हे तुमचं कामच नाही!"

"कसला?"

"हे. बांधायचं. नियमात आहे. जो वापरेल त्याने बांधायचं."

"अगो, ती पाटी माज्या आधीची हा."

"मग? म्हणजे इतकी वर्षं हे लोक तुमच्याकडून फुकट करून घेतायत. तुम्ही बासष्ट वर्षांचे. वाकून वाकून कंबर गेलीये तुमची."

"कंबर जहाजार गेली," ते हसले. "हय नाय."

पण मी पेटले होते. मला त्या उन्हाळ्यात एक अन्याय हवाच होता, आणि हा तर लेखी पुराव्यासकट हातात आला होता. रात्री पत्रक लिहिलं, हिंदी आणि इंग्रजी. मथळा मोठ्या अक्षरांत: जो चलाए, वही बाँधे। सकाळी धक्क्याच्या खांबांना चिकटवलं. काका बघत उभे होते. मी म्हटलं, बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मग काकांनी मान डोलावली. बाबांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि मी तो न विचारताच वापरला.

गंमत म्हणजे सभासदांनी ऐकलं. एक बाई म्हणाल्या, "बहुत सही लिखा है बेटा, किसने लिखा?" दोन तरुण मुलगे गाठी मारायला शिकले आणि एकमेकांच्या गाठींना हसले. पाच-सहा दिवस काका उपड्या घातलेल्या होडीवर बसून चहा पीत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून विजय बघत होते. त्यांचे हात मांडीवर असायचे. बोटं आपोआप हलायची, अंगठा पहिल्या बोटावर घासायचा, जसा दोरी सोडताना घासतो. मला ते दिसलं होतं. मी त्याला विश्रांती समजले.

मग तो दिवस आला. हवा सकाळपासून थांबलेली. घामाला वाळायलाही जागा नव्हती.

पिवळ्या पट्ट्याची होडी एका निवृत्त साहेबांची. सत्तरीचे, सभ्य, दिवाळीला काकांना मिठाईचा डबा आठवणीने देणारे. ते साडेपाचला घाईघाईने परतले. नातवाचा वाढदिवस होता, फोन सारखा वाजत होता. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने फिरकीची दोरी. शीड गुंडाळलं गेलं पण सैल, दोऱ्यांचा कसाबसा एक वेढा, दोरी चिमट्यात. उतरताना सवयीने म्हणाले, "तांडेल, ज़रा देख लेना।" मग खांबावरचं पत्रक दिसलं आणि हसले. "अरे सॉरी सॉरी, अब तो क़ानून आ गया है! कल सुबह आके ठीक करता हूँ, बेटा।" आणि गेले. गाडीच्या काचेतून त्यांनी हातही केला.

काका उठून उभे राहिले. आमच्या पाठीमागे, शहराच्या बाजूला, आकाश मातकट व्हायला लागलं होतं. पलीकडचे नोएडाचे टॉवर अजून उन्हात लखलखत होते.

"बाय, ह्यां शीड सुटतला."

मी वर पाहिलं. माथ्याजवळ शिडाचा एक कोपरा कानासारखा बाहेर आला होता आणि हलत होता. नुसता हलत होता.

"काका, आज तुम्ही बांधलंत तर उद्यापासून सगळं परत तुमच्यावर."

"ता खरा. पण वाऱ्याक ता म्हायत नाय."

"एकदा त्यांचं नुकसान होऊ दे. त्याशिवाय शिकत नाहीत ही माणसं."

हे मी बोलले. शब्दन्‌शब्द हेच. माझ्या हातात तेव्हा एक लाल पट्टी होती, मी ती बोटांभोवती गुंडाळत होते. मला ते शीड बांधता येत होतं. सहा पावलांवर होती होडी. दहा मिनिटांचं काम. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शिडाकडे, आणि ते उपड्या होडीवर परत बसले. एवढं आज्ञाधारक बसणं मी कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाचं त्याआधी पाहिलं नव्हतं.

आंधी आली तेव्हा आधी कावळे गेले, मग ऊन गेलं, मग नोएडा गेलं. आम्ही शेडच्या दारात उभे होतो. पहिला आवाज ओल्या कापडाच्या चापटीसारखा. कोपरा आत-बाहेर झाला, वरचा भाग पिशवीसारखा फुगला, आणि तो एकेक वेढा तटातट सुटत खाली आला. दोरी चिमट्यातून निसटताना दिसली नाही, तिचा आवाज तेवढा आला. मग सगळं शीड मोकळं झालं आणि वाजायला लागलं. शीड वाजतं हे ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही. बंदुका झाडल्यासारखं. प्रत्येक आवाजाबरोबर तार थरथरत होती, डोलकाठीचं टोक वेताच्या काठीसारखं वाकत होतं, आणि आमच्या पायाखालचा धक्का हलत होता.

काका होडीकडे पळाले. मी मागून त्यांचा सदरा धरला. मोकळ्या शिडाच्या दोऱ्या चाबकासारख्या फिरत होत्या, एखादी लागली तर हाड मोडावं अशा. "सोड गो!" ते ओरडले. मी सोडलं नाही. त्या दिवसात मी केलेली ती एकच बरोबर गोष्ट असावी, आणि त्याबद्दलही मला खात्री नाही, कारण ते पुढे गेले असते तर कदाचित काहीतरी वाचलं असतं.

तार तुटली तेव्हा एक बारीक, वरचा सूर निघाला. मग डोलकाठी आडवी झाली, शेजारच्या दोन होड्यांवर. दोन्ही त्या तरुण मुलग्यांच्या, ज्यांनी आपापली शिडं नीट बांधली होती.

मग चार थेंब पडले, चिखलाचे. गार वारा सुटला. पलीकडच्या वस्तीतून मुलांच्या आनंदाच्या किंकाळ्या आल्या.

क्लबची सभा झाली. मी रात्रभर जागून निवेदन तयार केलं होतं, पाटीचा मजकूर, पत्रकाची प्रत, सगळं. तांडेल यांच्यावर ठपका येता कामा नये. मला तिथे एक उर्मट माणूस भेटायला हवा होता, ज्याच्यावर माझं निवेदन आदळता आलं असतं. पण साहेब स्वतः उठले आणि म्हणाले, "ग़लती मेरी है। लड़की ने तो लिखके लगाया था।" त्यांनी सगळ्यांचं नुकसान भरून द्यायचं कबूल केलं. कुणी काकांना एक शब्द बोललं नाही. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं. मी जिंकले होते, पूर्णपणे, आणि त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा काका धक्क्यावर तुटलेल्या तारेचं टोक हातात धरून बसले होते. सुटलेल्या केसांसारखे तिचे धागे विस्कटले होते आणि ते एकेक धागा बोटाने सरळ करत होते.

"काका, तुमच्यावर काही आलं नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा सगळ्या होड्या बांधायला लागले. सभासदांनी बांधलेल्यासुद्धा सोडून पुन्हा बांधायचे. पत्रक खांबावर तसंच होतं. मी रोज जात होते, ते रोज विचारत होते, "जेवलंस काय?" पण त्यापुढे काही उरलं नव्हतं. ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडण मला येतं. शेजारी बसून गप्प राहणाऱ्या माणसाशी काय करायचं, हे घरातल्या एकाही पत्रकात नव्हतं.

महिन्याच्या शेवटी त्यांनी काम सोडलं. बहिणीकडे, देवगडला जातो म्हणाले. निजामुद्दीनला मी पोचवायला गेले. भर दुपारी फलाट तापलेला, पत्र्याची ट्रंक, पाण्याच्या दोन बाटल्या. मुलगा ऑफिसातून सुटू शकला नव्हता. खिडकीच्या गजांपाशी उभी राहून मी शेवटी बोलले. तीन आठवडे तोंडात धरून ठेवलेलं होतं.

"काका, चूक माझी होती. मी तुम्हाला थांबवलं."

"तुजी कशी गो?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "वारो मी बघलंय. माका समाजला. नि मी बसलंय. हात माजे होते."

"निदान अर्धी तरी माझी."

"नाय. ही वाटून घेवची नसता."

मला लहानपणापासून एवढंच शिकवलं होतं, की जे एकट्याला उचलत नाही ते दहाजणांनी मिळून उचलावं. त्या माणसाने मला त्याच्या चुकीला हातही लावू दिला नाही. गाडी हलली. त्यांची चूक पूर्ण त्यांच्याबरोबर गेली आणि माझी पूर्ण माझ्याकडे राहिली.

मी आजही लिहिते. ज्यांच्यासाठी लिहायला हवं त्यांच्यासाठी, ज्यांच्याविरुद्ध लिहायला हवं त्यांच्याविरुद्ध. जो चालवेल त्याने बांधावं, हे माझं मत बदललेलं नाही, आणि त्या पत्रकातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पत्रकात नव्हतं ते वाक्य मात्र मला मागे घेता येत नाही. ‘नुकसान होऊ दे’ हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. बोलले होते. लिहिलेलं खोडता येतं.

आज खिडक्या लावून झाल्यावर मी काकांना फोन केला. बाहेर माती काचांवर आपटत होती, समोरच्या गच्चीवरची कुणाचीतरी हिरवी जाळी सुटून फडफडत होती. ते आता नीट ऐकू येत नाही म्हणतात, पण मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "आंधी इली मा थय?"

"हो. आवाज येतोय तुम्हाला?"

"येता." तिकडून एका कोंबड्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं. मी वाट पाहिली. मला वाटलं आज ते बोलतील, निदान मला बोलू देतील.

"बाय," ते म्हणाले, "खयची होडी उघडी ऱ्हवली नाय मा?"

"काका, माझ्याकडे कुठली होडी? मी कधीची गेलेही नाही तिकडे."

"म्हायत हा गो," ते म्हणाले. "तरी इचारतंय."